गाठ न होणारा कर्करोग : एक माओरी घराणं आणि ई-कॅडहेरिन

जठराचा कर्करोग म्हटलं की डोळ्यांपुढे गाठ येते. आतल्या अस्तरावर उठलेला उंचवटा, मधोमध पडलेला व्रण, दुर्बीण आत गेली की दिसणारा, चिमट्याने तुकडा काढून तपासता येणारा. न्यूझीलंडच्या बे ऑफ प्लेंटी भागात, टौरंगाकडच्या एका माओरी घराण्यात माणसं जठराच्याच कर्करोगाने जात होती, पण वेळेत हाती लागेल अशी गाठ काही त्यांच्यात होत नव्हती. ३० वर्षांत सुमारे २५ जण गेले. त्यांतल्या सर्वांत लहान रुग्णाचं वय होतं १४.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं माझं कारण साधं आहे. शरीराची अस्तरं ज्या पेशींची बनतात त्या अभिस्तर पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, हे शिकवताना आपण 'चिकटवणारी प्रथिनं' एवढं म्हणून पुढे सरकतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात डिंक बसतो. वर्गात मीही अनेक वर्षं तसंच शिकवलं. या घराण्याची हकिकत समजून घेतल्यावर मात्र माझा शिकवण्याचा क्रमच बदलला. ई-कॅडहेरिन हे एक प्रथिन पेशीला शेजारणीशी बांधतं, तिला वर-खाली, आत-बाहेर याचं भान देतं, आणि कर्करोगाची गाठ जमायची असेल तर तीसुद्धा बहुतेकदा याच्याच पकडीवर जमते. पकड गेली की गाठही होत नाही.

घराण्याने ठोठावलेलं दार

या घराण्यातल्या जठराच्या कर्करोगाची नोंद १९६४ मध्येच न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. नोंद झाली, पण कारण सापडलं नाही. आजार खाण्यापिण्यातून येत असेल, राहणीमानातून येत असेल, असे तर्क होत राहिले. घरातल्या काहींना हा शाप वाटत होता, आणि पिढीमागून पिढी तरुण माणसं डोळ्यांदेखत झिजताना पाहिलेल्यांना तसं वाटलं तर त्यात नवल नाही.

१९९० च्या दशकात डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठातल्या कर्करोग आनुवंशिकी प्रयोगशाळेशी घराण्यानेच संपर्क साधला. इथे थोडं थांबावंसं वाटतं. रक्ताचे नमुने घेऊन शास्त्रज्ञ निघून जातात आणि पुढे काय झालं ते लोकांना कळतही नाही, असा अनुभव जगभरच्या मूलनिवासी समाजांना आहे. इथे वंशावळ मांडण्यापासून ते एकेका नातेवाइकाशी बोलण्यापर्यंत घरची माणसं कामात होती, आणि १९९८ मध्ये शोधनिबंध छापला गेला तेव्हा त्याच्या लेखकांत त्यांची नावं होती. एवढ्या मोठ्या विस्तारित कुटुंबातल्या नेमक्या नोंदी बाहेरच्या माणसाला मिळाल्याच नसत्या.

वंशावळ कागदावर आली तेव्हा नमुना स्पष्ट दिसला. आजार एकही पिढी सोडत नव्हता, पुरुष आणि बायका दोघांनाही होत होता, आणि आजारी आई किंवा वडिलांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांपर्यंत पोचत होता. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली मिळाली तरी धोका येतो. मग सहलग्नता तपासली गेली: आजारी माणसांकडे गुणसूत्रांचा कोणता तुकडा हटकून सारखा आहे, याचा शोध. तो १६ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर थांबला. त्या पट्ट्यात इतर जनुकांबरोबर एक ओळखीचं जनुक होतं, सीडीएच-१. ते ई-कॅडहेरिन बनवतं.

संशयाला आधार होता. फिन्निश विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन यांनी १९६५ मध्येच जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार वेगळे केले होते: एकात पेशी ग्रंथींसारख्या रचना करत एकत्र वाढतात, दुसऱ्यात त्या सुट्या सुट्या विखुरतात. घराण्यातला प्रकार दुसरा. आणि विखुरलेल्या प्रकारच्या अर्बुदांमध्ये, आनुवंशिकता नसतानाही, ई-कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडतात हे १९९४ मध्ये दिसलेलं होतं. उरला प्रश्न एवढाच, की हा बिघाड जन्मापासून अंगात असू शकतो का?

सापडलेली चूक डीएनएतल्या एका अक्षराची होती. सीडीएच-१ मध्ये १६ एक्झॉन आहेत, म्हणजे प्रथिनाचा मजकूर १६ तुकड्यांत लिहिलेला आहे, आणि मधली बिनकामाची लांबण कापून पेशी हे तुकडे शिवून घेते. सातव्या तुकड्याचं अगदी शेवटचं अक्षर जी असायला हवं, तिथे टी आलं होतं. कापड कुठे कापायचं याची खूण नेमकी तिथेच असते. खूण पुसली गेली, शिवण सरकली, पुढची सगळी अक्षरं चुकीच्या गटांत वाचली गेली आणि प्रथिन मध्येच संपलं. पॅरी गिल्फोर्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध मार्च १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यात आणखी दोन माओरी घराणी होती. त्यांच्याकडेही हेच जनुक बिघडलेलं होतं, पण चुका वेगळ्या जागी. मला सगळ्यांत पटणारा पुरावा हाच वाटतो. तीन घराणी, तीन वेगवेगळ्या चुका, जनुक एक आणि आजार एक.

पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनाचा जन्मजात बिघाड घराण्यात कर्करोग आणतो, हे यातून पहिल्यांदाच सिद्ध झालं.

पकड जवळून

हे प्रथिन सापडलं ते एका रसायनातल्या फरकामुळे. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात क्योटोहून बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत गेले. ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने सुट्या केलेल्या पेशी क्योटोत पुन्हा एकमेकींना चिकटत असत, बाल्टिमोरमध्ये चिकटेनात. शोध घेतल्यावर कळलं, बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए होतं. ते कॅल्शियम बांधून घेतं. पेशीच्या पृष्ठभागावर असं काहीतरी होतं, जे कॅल्शियम असेपर्यंत ट्रिप्सिनला दाद देत नव्हतं आणि कॅल्शियम काढून घेताच कापलं जात होतं. हेच पुढे कॅडहेरिन ठरलं. नावातला पहिला भाग कॅल्शियमचाच आहे, आणि ई-कॅडहेरिनमधलं 'ई' अभिस्तराच्या इंग्रजी नावाचं.

हे आपल्या डोळ्यांनीही पाहता येतं. बशीत वाढवलेल्या अभिस्तर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदीसारख्या दिसतात, कडेला कड लागलेली, मध्ये फट नाही. त्यांच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून घ्या. काही मिनिटांत कडा उजळ व्हायला लागतात, मग शेजारणी-शेजारणींत बारीक फटी पडतात, पेशी अंग चोरतात आणि गोल होतात. कॅल्शियम परत द्या, त्या पुन्हा पसरतात, एकमेकींना शोधतात, फरसबंदी परत जमते. वर्गात याची चित्रफीत दाखवली की डिंकाची कल्पना आपोआप गळून पडते. डिंक असा सोडता आणि धरता येत नाही.

रचना अशी. पेशीच्या बाहेर प्रथिनाचे पाच मणी एका ओळीत आहेत. प्रत्येक दोन मण्यांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात, म्हणजे चार सांध्यांत मिळून बारा. ते असले की माळ ताठ, थोडी वाकलेली उभी राहते. नसले की लुळी पडते. टोकाच्या मण्यात, सुरुवातीपासून दुसऱ्याच जागी, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे. समोरच्या पेशीच्या ई-कॅडहेरिनवर त्याच्या मापाची खोबण असते आणि ट्रिप्टोफॅन त्यात जाऊन बसतं. त्याच वेळी समोरचीचं ट्रिप्टोफॅन इकडच्या खोबणीत येतं. देवाणघेवाण दोन्हीकडून. अशी एकेक जोडी कमजोरच असते. बळ येतं ते शेकडो जोड्या एका पट्टीत दाटल्यामुळे.

पेशीच्या आतली बाजू मला जास्त मोलाची वाटते. ई-कॅडहेरिनच्या शेपटीला बीटा-कॅटेनिन धरतं, बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन, आणि अल्फा-कॅटेनिन पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या तंतूंना. पी-१२० हे आणखी एक प्रथिन शेपटीच्या वरच्या भागाला चिकटून ई-कॅडहेरिनला पेशीच्या पृष्ठभागावर टिकवून ठेवतं. म्हणजे दोन पेशींचे सांगाडेच आरपार जोडलेले असतात. या साखळीवर ताण आला की अल्फा-कॅटेनिनची घडी उलगडते आणि व्हिन्क्युलिन हे प्रथिन येऊन जोड मजबूत करतं. ओढलं की पकड सुटायच्या ऐवजी घट्ट होते. जठरासारख्या सतत आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या अवयवाच्या अस्तराला दुसरं काही चाललंच नसतं.

ई-कॅडहेरिन एकटं पुरेसं आहे का, याचं उत्तर १९८७ मधल्या एका प्रयोगाने दिलं. उंदराच्या ज्या पेशी एकमेकींना धरत नाहीत त्यांच्यात या प्रथिनाचा मजकूर घातला, आणि त्या झुबक्याने जमू लागल्या. उलट बाजूने, ज्या उंदरांत हे जनुक दोन्ही प्रतींत मोडलं, त्यांचे भ्रूण गर्भाशयात रुजायच्या टप्प्यालाच संपले. भ्रूणाचा बाहेरचा थर त्यांना नीट करताच आला नाही. शरीरातला पहिला अभिस्तर तोच.

सुटलेल्या पेशी

घराण्यातल्या वाहक माणसाच्या प्रत्येक पेशीत एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते. चांगल्या प्रतीवर आयुष्य व्यवस्थित चालतं. अस्तरं नीट असतात, जखमा भरतात. आजार सुरू होतो तो जठराच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बंद पडली की. ती अनेकदा कापली जात नाही, जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चढतात आणि ते मुकं होतं.

अशा जठराचा काप ई-कॅडहेरिनसाठी रंगवला की एकच चौकट बरंच सांगून जाते. वरच्या अस्तरावर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ, मधाच्या पोळ्यासारखी एकसंध जाळी. तिच्या किंचित खाली, अस्तराच्या आधाराला असलेल्या सैल ऊतीत, चारदोन गोल पेशी सुट्या पडलेल्या. त्यांच्याभोवती तपकिरी रेघ नाही, किंवा पुसट. पेशीचं पोट श्लेष्म्याने टम्म भरलेलं आणि केंद्रक एका कडेला चेपून चंद्रकोरीसारखं झालेलं. खड्याच्या अंगठीचा आकार. विकृतिशास्त्रात त्यांना सिग्नेट रिंग पेशीच म्हणतात. वरचं अस्तर पुष्कळदा अभंग असतं. दुर्बिणीतून जे दिसतं ते फक्त हे वरचं अस्तर.

पेशी खाली उतरतात कशा, यामागे पकडीचं दुसरं काम आहे. थरातली पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही लेकी त्याच थरात शेजारी शेजारी राहाव्यात, अशा बेताने विभाजनाचा अक्ष ठरतो. शेजारणींना धरलेलं ई-कॅडहेरिन तो अक्ष ठरवायला मदत करतं. बाजू कुठली आणि तळ कुठला, हे पेशीला त्यावरून कळतं. पकड नाही, तर अक्ष कलतो आणि एक लेक थराबाहेर, खालच्या ऊतीत पडते. या घराण्यातल्या आजाराची सुरुवात अशी होत असावी, अशी मांडणी गिल्फोर्ड यांच्याच गटाने केली, आणि सुरुवातीचे ठिपके जिथे सापडतात त्याच्याशी ती जुळते. ते ग्रंथींच्या मानेजवळ सापडतात, जिथे नव्या पेशी जन्मतात.

उतरलेली पेशी लगेच उधळत नाही. सुरुवातीच्या या ठिपक्यांमध्ये पेशी फारशा दुभंगताना दिसत नाहीत. वर्षानुवर्षं त्या तिथे पडून राहू शकतात. कधीतरी त्यांतल्या काही जाग्या होतात आणि जठराच्या भिंतीत पसरू लागतात, एकेकटीने, तंतूंच्या मधल्या जागांतून. भिंत जाड होते, ताठ होते, पूर्ण वाढलेल्या आजारात जठर चामड्याच्या पिशवीसारखं होतं. ज्या पेशी एकमेकींना धरतच नाहीत त्यांचा गोळा होणार कसा? टौरंगाच्या घराण्यात गाठ का सापडत नव्हती, त्याचं उत्तर हे आहे. लक्षणं दिसेपर्यंत आजार भिंतीबाहेर गेलेला असायचा.

स्तनांतही हेच दिसतं. सीडीएच-१ चा बिघाड असलेल्या बायकांना लोब्युलर, म्हणजे दूध बनवणाऱ्या खंडिकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रकारचा स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका बराच असतो. त्यात पेशी एकामागे एक अशा रांगेने ऊतीत शिरतात. कर्करोग लोब्युलर आहे की डक्टल, म्हणजे दूधनलिकांच्या नावाने ओळखला जाणारा, हे ठरवायला विकृतिशास्त्रज्ञ हीच तपकिरी रेघ पाहतात. स्तनाच्या कर्करोगाच्या कापावर पेशींभोवतीची जाळी गायब झालेली पाहिली की मला दर वेळी हे घराणं आठवतं.

निरोगी दिसणारं जठर

आता निर्णयाकडे. रक्ताच्या चाचणीत चूक सापडली. माणूस विशीत आहे, पोटात काही दुखत नाही, एंडोस्कोपीत अस्तर गुलाबी आणि नितळ आहे. त्याला काय सांगायचं?

२०१५ मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ८० व्या वर्षापर्यंत जठराच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत ७० टक्के आणि स्त्रियांत ५६ टक्के धरला, तर लोब्युलर स्तनकर्करोगाचा ४२ टक्के. पुढे २०१९ मध्ये, फक्त आजारी घराणी न निवडता अधिक विस्तृत कुटुंबं घेऊन केलेल्या हिशेबात जठराचे आकडे खाली आले: पुरुषांत ४२, स्त्रियांत ३३. हा फरक लहान नाही. ज्या घराण्यांत मृत्यू भरपूर झाले तीच आधी तपासली जातात, त्यामुळे पहिले आकडे चढे येतात. पण टौरंगासारख्या घराण्यात जन्मलेल्या माणसाने खालचा आकडा धरून निश्चिंत राहावं, असं मला म्हणवत नाही. त्याच्या घरचा इतिहास त्याच्यासमोर आहे.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वाहकांना २० ते ३० या वयात संपूर्ण जठर काढून टाकण्याचा पर्याय सुचवला जातो. ज्यांना ते नको आहे किंवा पुढे ढकलायचं आहे, त्यांनी अनुभवी केंद्रात दरवर्षी एंडोस्कोपी करावी. त्यात संशयास्पद जागांखेरीज, काही न दिसणाऱ्या अस्तरातूनही ठरवून तीसेक तुकडे घेतले जातात. तीस तुकडे पुष्कळ वाटतात, पण जठराचं क्षेत्र आणि एका ठिपक्याचं माप पाहिलं तर ते गवताच्या गंजीत चिमटे मारण्यासारखं आहे. ठिपके बहुतेकदा एक मिलिमीटरच्याही आतले असतात.

शस्त्रक्रिया मोठी. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. वजन उतरतं. जेवण दिवसभरात थोडं थोडं, अनेकदा घ्यावं लागतं. ते वेगाने आतड्यात उतरलं तर घाम, धडधड, चक्कर येते. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन जठरच बनवत असल्यामुळे हे जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून द्यावं लागतं. मूल हवं असलेल्या तरुण स्त्रीला शस्त्रक्रिया, वजन सावरण्याचा काळ आणि गरोदरपण यांचा मेळ बसवावा लागतो. काहीही दुखत नसलेल्या माणसाने हे स्वीकारायचं असतं, स्वतः पाहू न शकणाऱ्या ठिपक्यांसाठी.

आणि ठिपके असतात. काढलेलं जठर विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जातं तेव्हा त्याचं सगळं अस्तर लहान लहान तुकड्यांत कापून, शेकडो ठोकळे करून, एकेक पाहिलं जातं. शस्त्रक्रियेआधीच्या एंडोस्कोपीत काही न सापडलेल्या वाहकांतही बहुतेक वेळा सिग्नेट रिंग पेशींचे ठिपके सापडतात, काहींत मोजके, काहींत शंभरांहून जास्त. या निष्कर्षाने पहिल्या पिढीतल्या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांचा निर्णय योग्य ठरवला. पण त्यानेच नवा पेचही उभा केला: ठिपके जवळजवळ सगळ्यांत, आजार मात्र सगळ्यांना नाही. कोणता ठिपका जागा होणार, हे स्लाइड पाहून आज सांगता येत नाही. त्यामुळे काही केंद्रांत आता नुसता ठिपका दिसला तरी लगेच शस्त्रक्रियेची घाई न करता, अस्तराच्या खालच्या थरांकडे तो सरकतोय का, यावर नजर ठेवण्याचा पर्यायही वाहकांशी बोलला जातो.

डुनेडिनमध्ये गिल्फोर्ड यांचा गट आता औषधाच्या बाजूने जातो आहे. ई-कॅडहेरिन गमावलेल्या पेशीचा सांगाडा, तिचे संदेशमार्ग, तिच्या पटलावरची प्रथिनं, सगळंच थोडं बदललेलं असतं. त्या बदलात एखादी अशी नस असेल की जी दाबली तर पकड असलेली पेशी सहन करेल आणि सुटलेली पेशी मरेल. म्हणून दोन बशा शेजारी ठेवतात: एकीत चांगलं सीडीएच-१ असलेल्या पेशी, दुसरीत त्याच वंशाच्या पण सीडीएच-१ काढून टाकलेल्या. दोन्हींवर एकच संयुग, एकाच मात्रेत. दुसऱ्या बशीतल्या पेशी जास्त संख्येने मेल्या, तर ते संयुग पुढच्या फेरीसाठी बाजूला काढतात.